पायी चार मिनिटं

बसच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर, वेळापत्रक विभागात, खिडकीकडे पाठ करून बसणाऱ्या माणसाला सगळे मिनिटराव म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण एकदा चिकटलं ते चिकटलं. शिपायापासून विभागप्रमुख बाईंपर्यंत सगळे याच नावाने हाक मारत आणि मिनिटरावही त्याला ओ देत. नावात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. 'पाच मिनिटांत आलोच' म्हणून तासाभराने उगवणारी माणसं जगात पुष्कळ असतात. मिनिटराव 'सात मिनिटांत येतो' म्हणत आणि सातव्या मिनिटाला दारात हजर असत. अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, हे त्यांच्या बायकोला विचारावं. ती तर न विचारताही सांगे.

"लग्न झाल्यापासून मी यांची पाठच बघतेय," ती पाहुण्यांसमोर म्हणायची. "रस्त्याने हे पुढे, मी दहा पावलं मागे. लोकांना वाटतं, या बाईचा आणि त्या गृहस्थांचा काही संबंधच नाही."

पाहुणे हसायचे. मिनिटराव घड्याळाकडे बघायचे.

त्यांच्या आयुष्यात अभिमान वाटावा असं काम एकच झालं होतं, आणि ते बारा वर्षांपूर्वीचं. तेव्हा शहरातल्या बसगाड्या फोनमधल्या नकाशावर दिसायला लागणार होत्या. म्हणजे माणसाने 'इथून तिथे जायचंय' असं टाकायचं आणि फोनने सांगायचं: इतक्या वाजता अमुक गाडी, तमुक स्टॉपवर उतरा, एवढी मिनिटं पायी, मग दुसरी गाडी. त्यासाठी फोनवाल्यांना कचेरीकडून एक फाइल हवी होती. स्टॉपची नावं, नंबर, वेळा सगळं तयार होतं. एकच रकाना रिकामा होता, 'पायी बदल'. एका गाडीतून उतरून दुसरीच्या स्टॉपपर्यंत चालत जायला किती वेळ लागतो, तो आकडा त्यात भरायचा होता. स्टॉपच्या अशा जोड्या निघाल्या दोनशे बारा.

तेव्हाचे साहेब म्हणाले, "नकाशावर पट्टी ठेवा, अंतर मोजा आणि लिहून मोकळे व्हा. एका दिवसाचं काम आहे."

"साहेब, नकाशावर अंतर दिसतं," मिनिटराव म्हणाले. "जिना दिसत नाही. सिग्नल दिसत नाही. खोदून ठेवलेला फुटपाथ दिसत नाही."

"मग काय चालत जाऊन मोजणार?"

"हो," मिनिटराव म्हणाले.

साहेबांनी हात टेकले. मिनिटरावांनी भांडार विभागातून एक स्टॉपवॉच सही करून घेतलं, गळ्यात अडकवलं आणि चार महिने शहर पालथं घातलं. दोनशे बारा जोड्या, प्रत्येक जोडी तीन वेळा. तीनपैकी सगळ्यात कमी वेळ ते रकान्यात लिहीत. त्यामागे त्यांचा विचार होता. गाडी पकडायची म्हटली की माणूस रमतगमत जात नाही, झपझप चालतो. तेव्हा झपझप चालल्याचाच वेळ खरा.

आता यात एक गोम होती. तेव्हा मिनिटराव एकेचाळीस वर्षांचे होते, अंगाने किडकिडीत, आणि चालायला लागले की मागे कुत्रं लागलंय की काय अशी शंका यावी. फाइल गेली, फोनमध्ये बसली, आणि त्या दिवसापासून गुडघे धरून चालणारे म्हातारे, कडेवर पोर घेतलेल्या आया, दोन्ही हातांत पिशव्या असलेली माणसं, सगळं शहर फोनच्या लेखी मिनिटरावांच्या पायांनी चालू लागलं. हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मिनिटरावांच्या तर नाहीच नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की त्या रकान्यात एकही आकडा अंदाजपंचे नाही. कुणी पाहुणा आपल्या फोनमध्ये बघून 'पायी सहा मिनिटं दाखवतोय' असं म्हणाला की ते नुसतं 'हं' म्हणत. त्या 'हं'मध्ये काय काय असायचं ते फक्त बायकोला कळायचं.

यंदा तिच्या फुफ्फुसात गाठ निघाली.

डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा मिनिटराव शेजारच्याच खुर्चीत बसलेले होते. डॉक्टर बराच वेळ बोलत होते. बोलणं संपल्यावर मिनिटरावांनी विचारलं, "रेडिएशन त्या नव्या इमारतीत का? तिथे बावन्न नंबरची गाडी जाते." डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. बायकोने पर्समधून रुमाल काढला आणि मग न वापरताच परत ठेवला.

तेव्हापासून मिनिटरावांना काही वाटेनासं झालं. दुपारी हातावर डोकं ठेवून डुलकी लागली की जागं झाल्यावर तो हात जसा आपला राहत नाही, तसं सगळं झालं होतं. जेवायचे, कचेरीत जायचे, गाड्यांच्या वेळा मांडायचे. दुसऱ्या गावी राहणारी मुलगी फोनवर रडली तेव्हा ते म्हणाले, "रडू नकोस, फोन तापतो." असं का म्हणालो ते त्यांनाही सांगता आलं नसतं. काही वाटत नाही याचं त्यांना कधीमधी थोडं वाईट वाटे, तेवढंच.

तीस दिवस मशीन घ्यायचं होतं, आठवड्यातले पाच दिवस, सकाळी साडेनऊला. घरात सगळे रेडिएशनला मशीनच म्हणत. दुसरी वेळ शिल्लक नव्हती. डॉक्टरांनी एक गोष्ट दोनदा सांगितली. मध्ये खंड पडता कामा नये. खंड पडला की आधी घेतलेलंही वाया जातं.

पहिले दोन दिवस भाड्याची गाडी केली. बंद गाडीत तिला मळमळायचं. दोन्ही दिवस वाटेत थांबावं लागलं. बसमध्ये मात्र ती नीट बसे, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, उघड्या खिडकीशी, वारा तोंडावर घेत. सकाळची गोळी घेतली की तासभर पडून राहावं लागे, म्हणून आठच्या आत निघणं जमत नव्हतं. फोन म्हणाला त्याची गरजही नाही. आठ पाचची चौदा नंबर घ्या, आठ एकतीसला चौकात उतरा, पायी चार मिनिटं, आठ सदतीसची बावन्न नंबर घ्या, नऊ आठला हॉस्पिटल.

"मी जाईन की एकटी," ती म्हणाली. "तुमचं वेळापत्रक बदलायचे दिवस आलेत. आणि फोन आहे ना बरोबर."

वेळापत्रक बदलायचे दिवस आले होते हे खरं होतं. पण हॉस्पिटलच्या त्या लांबलचक खोलीत, जिथे सगळे एकमेकांकडे न बघता बसतात, तिथे जावं लागणार नाही म्हणून मिनिटरावांना सुटल्यासारखं झालं, हेही तितकंच खरं होतं. एवढं मात्र त्यांना वाटलं. संध्याकाळी ते विचारायचे, "झालं?" ती म्हणायची, "झालं." आणि चहा ठेवायची.

नवव्या दिवशी सकाळी साडेदहाला कचेरीत फोन आला. मशीन चालवणारी मुलगी बोलत होती.

"काका, तुम्ही त्यांचे मिस्टर ना? आज त्या पुन्हा उशिरा आल्या. नऊ दिवसांत हा चौथा. मी मधे घ्यायला बघते, पण रांग असते हो, नाही जमत. चार दिवस परत पाठवावं लागलंय."

"परत?" मिनिटराव म्हणाले. "मशीन न देता?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?" मुलगी म्हणाली. "काका, डॉक्टर म्हणालेत, आणखी तीन चुकले तर हे थांबवावं लागेल. अर्धवट देऊन उपयोग नसतो."

मिनिटरावांनी फोन ठेवला. स्वतःच्या फोनमध्ये घर आणि हॉस्पिटल टाकलं. पडद्यावर तोच रस्ता उमटला. चौदा नंबरच्या निळ्या पट्टीनंतर ठिपक्यांची एक छोटी रांग आणि तिच्यापुढे 'पायी ४ मिनिटं'. ठिपके त्यांनी बोटाने मोठे केले. चौकातला पादचारी पूल. सेहेचाळीस पायऱ्या वर, सेहेचाळीस खाली. जोडी क्रमांक एकशे अठरा. त्यांना तिन्ही वेळा तोंडपाठ होत्या: चार दहा, चार पंचवीस, तीन पन्नास. यातली शेवटची त्यांनी धरली होती आणि पूर्ण मिनिट करून चार लिहिलं होतं. पुढची बावन्न नंबर थेट नऊ बाराला. ती नऊ त्रेचाळीसला पोचवते. मशीन तोवर दुसऱ्याचं झालेलं असतं.

संध्याकाळी त्यांनी "झालं?" असं विचारलं नाही. ती चहा घेऊन आली तेव्हा म्हणाले, "मशीनवरच्या मुलीचा फोन आला होता."

ती खुर्चीत बसली. बसल्यावर जरा वेळ श्वास घेत राहिली; हल्ली तिला बोलण्याआधी असं थांबावं लागे.

"गाडी डोळ्यांदेखत जाते हो," ती म्हणाली. "मी पुलावर असते आणि ती खालून जाते. एकदा तर अगदी शेवटच्या पायरीवर होते. हात केला. त्याने बघितलं नाही."

"मला सांगायचं नाही?"

"काय सांगायचं? माझे पाय चालत नाहीत हे? ते तुम्हाला दिसत नव्हतं?"

मिनिटरावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"फोन म्हणतो चार मिनिटं," ती म्हणाली. "आणि ती चार मिनिटं तुमची आहेत, ते काय मला माहीत नाही? दुसऱ्या कुणी लिहिली असती तर म्हटलं असतं, चुकला असेल मेला. पण तुम्ही आकडा चुकायचा नाही. म्हणून मी रोज जरा जास्त जोर लावते."

एवढं बोलून तिला धाप लागली. मिनिटरावांनी पाण्याचा पेला पुढे केला. आपल्याला आता फार वाईट वाटायला हवं, हे त्यांना कळत होतं. पेला रिकामा झाल्यावर त्यांनी तो विसळून जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस ते तिच्याबरोबर गेले. मशीनवरच्या मुलीला त्यांनी फोनवर गळ घातली. तीन दिवसच, म्हणून ती उशिरा घ्यायला तयार झाली. भांडारातून स्टॉपवॉच पुन्हा काढलं. पट्टा कुजला होता, त्याला सुतळी बांधली. चौकात चौदा नंबरमधून उतरल्याबरोबर त्यांनी कळ दाबली आणि सवयीने निघाले. वीसेक पावलं गेल्यावर मागे कुणी नाही हे लक्षात आलं. वळून पाहिलं तर ती अजून स्टॉपच्या खांबाजवळच होती, पिशवी या हातातून त्या हातात घेत.

ते परत आले आणि तिच्या मागे उभे राहिले. "तू चाल," ते म्हणाले. "मी मागून येतो."

"अगोबाई," ती म्हणाली. "आज सूर्य कुठे उगवला म्हणायचा?"

ती चालू लागली. इतक्या वर्षांच्या संसारात मिनिटराव पहिल्यांदाच तिच्या मागून चालत होते. स्वेटर तिच्या पाठीवर सैल झाला होता. मानेजवळ हाडं वर आली होती. पुलाच्या जिन्यावर ती बाराव्या पायरीला थांबली, मग विसाव्या, मग अठ्ठाविसाव्या, मग जवळजवळ प्रत्येक. थांबली की कठड्यावर हात ठेवून खालच्या रस्त्याकडे बघे, जणू काही गंमत बघायलाच थांबलीय. मागून येणारी माणसं दोघांना ओलांडून वर जात होती. त्यात एक काठी टेकत जाणारे आजोबाही होते.

पहिल्या दिवशी तेरा मिनिटं चाळीस सेकंद. दुसऱ्या दिवशी चौदा दहा. तिसऱ्या दिवशी तेरा पंचवीस.

तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता आणि नवं वेळापत्रक सोमवारपासून लागू व्हायचं होतं. फाइल संध्याकाळी फोनवाल्यांकडे जाणार होती. मिनिटराव दुपारी एक कागद घेऊन विभागप्रमुख बाईंसमोर जाऊन बसले.

बाईंनी कागद वाचला. "जोडी एकशे अठरा. पूर्वी चार लिहिलंय, आता पंधरा? काय, चौक वाढला का?"

"नाही. तेव्हा मी चाललो होतो."

"आणि आता?"

"आता एक प्रवासी."

"आणि तुमचा तो सगळ्यात कमी वेळ धरायचा नियम?"

"या वेळी सगळ्यात जास्त धरलाय," मिनिटराव म्हणाले. "वरची सेकंदंही पूर्ण करून घेतलीत. आणि बावन्नची आठ सदतीसची फेरी आठ सत्तेचाळीसला नेलीय. नाहीतर फोन सगळ्यांना नऊ बारापर्यंत बसवून ठेवेल."

"दहा मिनिटं? त्या गाडीने कामावर जाणारी माणसं बोंबलतील की."

"अठरा माणसं आहेत. रोज दहा मिनिटं उशिरा पोचतील. मी मोजलंय."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. गेल्या सहा वर्षांत त्यांनी स्वतः दोनदा एकेक फेरी पाच मिनिटं हलवायला सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा मिनिटरावांनी त्यांना अर्धा तास बसवून ते का शक्य नाही हे समजावलं होतं.

"प्रवासी कोण आहे, मिनिटराव?"

"आमच्या घरचीच."

बाईंनी चष्मा परत लावला. सही केली, कागद परत दिला, आणि मिनिटराव दाराशी पोचल्यावर म्हणाल्या, "बाकीच्या दोनशे अकरा जोड्यांचं काय करायचं?"

"बघतो," मिनिटराव म्हणाले. बारा वर्षांत किती जणांच्या डोळ्यांदेखत किती गाड्या गेल्या असतील, हे काढायचं म्हटलं तर त्यांना काढता आलं असतं. त्यांनी काढलं नाही.

सोमवारी फोनमध्ये 'पायी १५ मिनिटं' आलं. बायकोने ते बघितलं आणि हसली. "बरंच वय झालं तुमचं एकदम," म्हणाली. त्या दिवशी ती एकटी गेली आणि नऊ अठराला हॉस्पिटलात पोचली. मंगळवारीही पोचली, बुधवारीही. बारा दिवसांत एकदाही चुकलं नाही. संध्याकाळी मिनिटराव विचारायचे, "झालं?" आणि ती "झालं" म्हणाली की दुसऱ्या दिवशी सकाळी हळूच मशीनवरच्या मुलीला फोन करून खात्री करून घ्यायचे. वीस दिवसांचं मशीन पदरात पडलं. दुसऱ्या गावच्या आपल्या मुलीला फोनवर सांगताना मिनिटरावांनी 'वीस' हा शब्द जरा मोठ्याने उच्चारला. आपण काहीतरी दुरुस्त केलं आहे असं त्यांना वाटत होतं, आणि वाटत होतं हीच मोठी गोष्ट होती. कचेरीत त्यांनी उरलेल्या जोड्यांची यादीही काढायला घेतली.

मग मशीनवरच्या मुलीचा पुन्हा फोन आला. काल आणि आज, दोन्ही दिवस उशीर. आणखी एकच चुकला की मशीन बंद.

त्यांनी तिला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून दाराशी उभे राहिले. "आज मला त्या बाजूला काम आहे," ते म्हणाले. ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "असं होय," आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. पिशवी तिने यापूर्वी कधी दिली नव्हती.

चौदा नंबर बरोबर आठ एकतीसला चौकात आली. ती उतरली, त्यांनी कळ दाबली. जिन्यापर्यंत जायलाच सहा मिनिटं लागली. ती आठव्या पायरीला थांबली. मग तेराव्या. तिथून पुढे ती पायऱ्यांकडे बघतच नव्हती. कठड्यावर एक हात टाकायची, मग दुसरा, मग पाय. मिनिटराव दोन पायऱ्या खाली, हात पुढे करून उभे होते. हात लावला असता तर तिला चाललं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. वर पोचल्यावर ती कठड्याला टेकून, डोळे मिटून उभी राहिली. त्यांनी खाली पाहिलं. बावन्न नंबर स्टॉपला लागली होती. दारं उघडी होती. त्यांनी घड्याळ पाहिलं. आठ सत्तेचाळीस. दारं मिटली, गाडीने उजवा दिवा लावला आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मिनिटाला ती बिनचूक निघून गेली.

तेव्हा मिनिटरावांना भीती वाटली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. गाडी गेली म्हणून नाही. मोजलेल्या त्या तीन दिवसांत तेरा, चौदा, तेरा. आज या घटकेला सोळा होऊन गेली होती आणि ती अजून पुलावरच होती. मशीन वीस दिवस चाललं होतं आणि पाय मागे मागे पडत होते. मशीनचा गुण येतोय की नाही, हे डॉक्टर पुढच्या महिन्यात फोटो काढून सांगणार होते. त्यांना ते आत्ताच कळलं होतं, आणि ते चुकीचं वाचलंय असं म्हणायला जागाच नव्हती; आयुष्यभर त्यांनी मिनिटांशिवाय दुसरं काही वाचलंच नव्हतं.

"चला," ती डोळे उघडून म्हणाली.

स्टॉपवर पोचल्यावर त्यांनी कळ दाबली. बावीस मिनिटं पन्नास सेकंद. ती बाकावर बसली. स्टॉपवर दुसरं कुणी नव्हतं. बराच वेळ फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

"गेली का?" तिने विचारलं.

"गेली."

"किती लागली मला?"

मिनिटरावांनी स्टॉपवॉच मुठीत धरलं होतं. काटा जिथे थांबला होता तिथेच होता.

"तेरा," ते म्हणाले.

"तेराच?"

"तेरा आणि वर थोडी सेकंदं."

ती विचारात पडली. "म्हणजे पहिल्यासारखंच की. मग गाडी कशी गेली?"

"लवकर सुटली," मिनिटराव म्हणाले. "आठ चव्वेचाळीसलाच काढली त्याने."

तिचा फोन तिच्या मांडीवरच होता आणि त्यावर वेळ ठळक दिसत होती. ती तिने पाहिली नाही, की पाहून सोडून दिली, हे मिनिटरावांना कळलं नाही. तिचा चेहरा मात्र सैल झाला. ती मागे टेकली.

"मला वाटलं, माझंच काहीतरी होतंय," ती म्हणाली. "दोन दिवस तेच डोक्यात होतं. तुम्हाला सांगितलं नाही." मग तिला रागच आला. "माणसं धापा टाकत येतात आणि हे खुशाल तीन मिनिटं आधी गाडी काढतात! तक्रार करा तुम्ही."

"करतो."

"आत्ता करा. माझ्यासमोर. कचेरीत गेलात की त्याला पाठीशी घालाल."

मिनिटरावांनी फोन काढला. बसच्या ॲपमध्ये तक्रारीचं पान उघडलं आणि ती बघत असताना एकेक रकाना भरला. मार्ग बावन्न. स्टॉप, चौक. ठरलेली वेळ आठ सत्तेचाळीस. प्रत्यक्ष सुटली आठ चव्वेचाळीस. वेळेआधी गाडी सोडणं हा त्यांच्या लेखी ड्रायव्हरचा सगळ्यात मोठा गुन्हा होता. उशीर त्यांनी अनेकांना माफ केला होता, हे कुणालाच नाही. त्यांनी बटण दाबलं.

"गेली?" तिने विचारलं.

"गेली."

नऊ बाराच्या गाडीने ते हॉस्पिटलला गेले. मशीनवरच्या मुलीने डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी तिला तपासलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, सध्या आपण थांबू, थोडी ताकद येऊ दे. थोडी ताकद येऊ दे, हे त्यांनी मिनिटरावांकडे न बघता म्हटलं. परत येताना बसमध्ये ती खिडकीशी झोपली होती. तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर येऊन टेकलं. घर येईपर्यंत त्यांनी खांदा हलवला नाही.

सोमवारी सकाळी तिला कुठलीच गाडी पकडायची नव्हती. मिनिटराव कचेरीत गेले. वेळेआधी सुटलेल्या गाड्यांच्या तक्रारी त्यांच्याकडेच यायच्या, तशी हीही येऊन पडली होती. सोबत डेपोच्या मशीनमधली नोंद होती: बावन्न नंबर, चौक, सुटली आठ सत्तेचाळीस. खाली 'चौकशीचा निष्कर्ष' असा रकाना होता. तिथे त्यांनी लिहिलं, 'ड्रायव्हरची चूक नाही. गाडी वेळेवर सुटली.'

एवढंच लिहायचं असतं. ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. त्यांना रडू आलं होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. समोरून बाई गेल्या, थांबल्या, आणि पुढे गेल्या. मग मिनिटरावांनी त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली.

'प्रवासीही वेळेवर होती.'

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, हे त्या विभागात त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. त्यांनी खाली सही केली आणि कागद बाईंकडे पाठवला.